एक मोजा पायात, एक हातात : पळायचं मनच होत नाहीये

घाटवेडा (सोमवार, पहाटे ५.३८)

पोस्ट टाकायची वेळ बघा, म्हणजे दुखणं कळेल. या वेळी मी यवतेश्वरच्या घाटात असायला हवा. आहे हॉलमधल्या सोफ्यावर. एक मोजा पायात, दुसरा हातात. ट्यूबलाइटमागे पाल आहे, ती आणि मी गेली वीस मिनिटं एकमेकांकडे बघतोय. बायको मघाशी पाणी प्यायला उठली, म्हणाली, "जा तरी, नाहीतर झोपा तरी. दिवा तेवढा बंद करा."

सातारा हिल हाफ मॅरेथॉन सात आठवड्यांवर आली. ही माझी तिसरी. गेल्या वर्षी २ तास २१ मिनिटं लागली, यंदा २.१०च्या आत यायचं ठरवून जानेवारीपासून सराव चालू आहे. मेअखेरपर्यंत एक दिवस चुकला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडी जी बसली ती बसलीच. पावसाला दोष देत नाही, गेल्या वर्षी याच पावसात घाटात धुक्यातून पळताना मजा यायची. आता सव्वाचारला उठतो, कपडे घालतो आणि इथं येऊन बसतो. आठवड्यात सहा दिवस पळायचं ठरलंय, बाहेर पडतो दोनदा. तेही समर्थ मंदिरापर्यंत जाऊन परत.

दुखापत नाही, ताप-खोकला नाही. यातून कुणी गेलंय का? बाहेर कसे आलात? कृपया स्फूर्तिदायक व्हिडिओ पाठवू नका. सगळे बघून झालेत, याच सोफ्यावर.

सज्जनगडचा वारा (सोमवार, सकाळी ७.१०)

पालीचं काय झालं?

निवृत्त हवालदार (सोमवार, सकाळी ८.०२)

मन होत नाही म्हणजे काय? मनाला विचारतंय कोण? चोवीस वर्षं फौजेत काढली, एकाही पहाटे कुणी येऊन "आज वाटतंय का पळावंसं" असं विचारलं नाही. शिट्टी वाजली की बाहेर. आमच्या अपशिंग्यात आजही पोरं भरतीसाठी पाऊस असो वा चिखल, सोळाशे मीटरचा सराव करतात. त्यांना सोफा नाही म्हणून अडत नाही बघा.

दुसरा मोजा घाला आणि निघा. एवढंच.

कृष्णाकाठची (सोमवार, दुपारी १.४५)

हवालदार काका, मान राखून असहमत.

मी सांगलीची. दोन वर्षांपूर्वी माझं अगदी असंच झालं होतं आणि मी स्वतःला तुम्ही म्हणता तसंच दामटत राहिले. चार महिने! रोज स्वतःला आळशी म्हणायचं, रोज निघायचं आणि आयर्विन पुलापर्यंत जाऊन कठड्याला टेकून उभं राहायचं. पाय भरून यायचे. घरचे म्हणायचे वयाचं आहे. मी तेव्हा ३६ची.

शेवटी केस गळायला लागले म्हणून डॉक्टरांकडे गेले, पळण्यासाठी नाही. हिमोग्लोबिन बऱ्यापैकी होतं, पण फेरिटिन निघालं ९. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. म्हणजे पाकिटात पैसे दिसत होते, बँकेतलं खातं रिकामं. पळणाऱ्यांचं लोह घामातूनही थोडं जातं, पाय आपटून आपटून तळव्यातल्या लाल पेशीही फुटतात, आणि बायकांचं दर महिन्याला जातं ते वेगळंच. वर मी जेवण झालं रे झालं की चहा घेणारी. चहाने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे मला ३६व्या वर्षी कळलं.

गोळ्या सुरू केल्यावर साधारण दोन महिन्यांनी एक दिवस हरिपूरपर्यंत कशी पोचले ते कळलंच नाही. संगमावर जाऊन बसले आणि अक्षरशः रडले, आपण आळशी नव्हतो म्हणून.

घाटवेडा, आधी रक्त तपासा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, लोह जास्त झालं तरी वाईट.

सज्जनगडचा वारा (सोमवार, दुपारी १.५२)

मी पळत नाही, पण जेवणावर चहा मीही घेतो. मलाही पळायचं मन होत नाही. हेच कारण असणार.

मिरजकर (सोमवार, रात्री ९.२०)

कृष्णाकाठची +१. पण मला एक वेगळी शंका आहे. घाटवेडा, सहा दिवस पळता म्हणता, त्यातले घाटात किती? आणि सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके किती असतात?

घाटवेडा (सोमवार, रात्री १०.०५)

सगळ्यांचे आभार. पाल सकाळी सहाला निघून गेली, तिचं शेड्यूल पक्कं आहे.

मिरजकर, सहाही दिवस घाटात. शर्यतच चढाची आहे तर सपाटीवर पळून काय करू, असा हिशोब. ठोके एप्रिलमध्ये ५२ होते, हल्ली ६० च्या आसपास. झोप तुटक. आणि सराव मोजणारं घड्याळ रोज सकाळी स्क्रीनवर 'अनप्रॉडक्टिव्ह' असं लिहून दाखवतं. दिवसभर ऑफिसात साहेब तेच सांगतात. पहाटे साडेचारला मनगटावरूनही ऐकायचं म्हणजे जरा जास्त होतं.

मिरजकर (सोमवार, रात्री १०.४०)

सापडलं! अहो, रोज घाट म्हणजे रोज परीक्षा. अभ्यास कधी करणार?

चढापेक्षा उतार जास्त खातो, हे लक्षात घ्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्यामुळे तंतूंना बारीक इजा होते. ती भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही भरून यायच्या आत रोज पुन्हा तेच करताय, जानेवारीपासून. उठल्यावरचे ठोके वाढणं, झोप तुटणं, चिडचिड, मन न लागणं, ही सगळी जास्त सरावाची जुनी लक्षणं आहेत. हे शरीर मनाच्या तोंडून बोलतंय. तुम्हाला वाटतंय मन बंड करतंय, ते तर फक्त निरोप्या आहे.

आठवडाभर पूर्ण सुट्टी. मग आठवड्यातून एकदाच घाट, फार तर दोनदा. बाकी दिवस पोलीस परेड ग्राउंडवर किंवा गोडोली तळ्याच्या बाजूला इतकं हळू, की पळता पळता एकोणतीसचा पाढा म्हणता आला पाहिजे. धाप लागून पाढा तुटला की वेग जास्त.

सज्जनगडचा वारा (सोमवार, रात्री १०.४४)

एकोणतीसचा पाढा मला बसूनही येत नाही हो.

गच्चीवरची राणी (मंगळवार, दुपारी ३.१५)

सगळं वाचलं. रागावू नका, पण थोडं हसूही आलं. 'मन होत नाही' ही चैन आहे.

मी कराडकडची, सध्या साताऱ्यात. पहाटे पाचला बाहेर एकटीने पळायचं म्हणजे आधी कोणत्या रस्त्याला दिवे आहेत, कुठल्या टपरीवर रात्रीची पोरं अजून बसलेली असतात, कुठल्या गल्लीत कुत्री आहेत, हा सगळा नकाशा डोक्यात लागतो. सात वाजता दोन डबे. सासूबाईंचा आंघोळीचा बंब. म्हणून मी गच्चीवर पळते. एक फेरी ३८ पावलांची. टाकीला वळसा, शेजारच्या काकूंच्या सांडग्या मिरच्यांचं ताट चुकवायचं, अँटेनाच्या तारेखालून वाकायचं. पाच किलोमीटरला किती फेऱ्या होतात ते मी मोजणं सोडलं, दर दहा फेऱ्यांना कठड्यावर एक चिंचोका ठेवते. चिंचोके संपले की खाली.

एकदा काकूंच्या मिरच्यांत पाय पडला. पळण्यातली माझी एकमेव दुखापत तीच, आणि तीही पायाला नाही झाली. आठवडाभर बोलत नव्हत्या.

मला घाट द्या हो. मी मोज्याशिवाय निघते.

घाटवेडा (मंगळवार, दुपारी ४.००)

ताई, खजील झालो. खरंच.

कृष्णाकाठची (मंगळवार, दुपारी ४.३०)

राणी, तुमची पोस्ट आवडली, पण घाटवेडांनी खजील व्हायचं कारण नाही. एकाला जास्त त्रास आहे म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. माझं फेरिटिन ९ असताना मलाही सगळे मोहीच्या ललिता बाबरचंच उदाहरण द्यायचे. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावची मुलगी रिओत २०१६ला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी येते आणि तुला पुलापर्यंत जाता येत नाही? ललिता बाबर मलाही प्रिय आहे. पण तिच्यामागे प्रशिक्षक होते, शिबिरं होती, आहार बघणारी माणसं होती. तिचं नाव काढून दुसऱ्याला टोचणं हा तिचाही अपमान आहे.

गच्चीवरची राणी (मंगळवार, दुपारी ४.४१)

मान्य. तिरकस झालं जरा. कामं करता करता लिहिलं होतं.

तालमीतला गडी (मंगळवार, रात्री ८.००)

आवं ते कुत्र्यांचं बोला आधी. पोवई नाक्याकडनं परेड ग्राउंडला जाताना चार हायेत, त्यातलं एक तांबडं. माझं मन रोज व्हतंय, त्या तांबड्याचं बी रोज व्हतंय.

मिरजकर (मंगळवार, रात्री ८.१२)

पळणं थांबवा, चाला, डोळ्यात बघू नका. पळणाऱ्या वस्तूमागे धावायचं हा त्यांचा धर्म आहे.

तालमीतला गडी (मंगळवार, रात्री ८.१५)

थांबलो का माझा पेस बिघडतोय की.

निवृत्त हवालदार (मंगळवार, रात्री ८.३०)

बिस्किटाचा पुडा. पंधरा दिवस एकेक टाका, सोळाव्या दिवशी तोच तांबडा तुम्हाला ग्राउंडपर्यंत सोडायला येईल. कुत्र्याला शिस्त लवकर लागते.

गावभाग (बुधवार, रात्री ११.३०)

मी सहसा लिहीत नाही.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९च्या महापुरात तळमजला पाण्यात गेला. कपाट, मुलाची दप्तरं, आईच्या साड्या, सगळं. बूटही गेले, पण बुटांचं कुणाला सुचतंय तेव्हा. पाणी उतरल्यावर महिनाभर गाळ उपसला. त्याआधी सात वर्षं सलग पळत होतो, मुंबईची पूर्ण मॅरेथॉन दोनदा केली होती. त्यानंतर पाच महिने एक पाऊल पळालो नाही. नवे बूट मेहुण्याने आणून दिले होते, खोक्यातच राहिले. कुणी विचारलं की सांगायचो, गुडघा दुखतो. दुखत नव्हता.

त्यातून 'बाहेर' कसा आलो ते मला सांगता येणार नाही. काही केलं नाही. जानेवारीत एकदा रात्री लाइट गेली, घरात बसवेना म्हणून चपला घालून नदीकडे चालत गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर पुराच्या रेघा अजून होत्या. परत येताना बघितलं तर मी पळत होतो. चपलांवर. चारशे मीटर असेल. दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं.

त्यामुळे रक्त तपासा, विश्रांती घ्या, सगळं बरोबर आहे. फक्त पळणं बंद पडलंय ते पळण्यामुळेच असेल असं नाही, एवढंच. जूनमध्ये आणखी काय झालं? गेल्या वर्षी पावसात मजा यायची म्हणालात. तेव्हा एकटेच होतात का?

सज्जनगडचा वारा (बुधवार, रात्री ११.४१)

यावर विनोद नाही.

तालमीतला गडी (शुक्रवार, सकाळी ९.००)

घाटवेडा कुठं गेलं? तांबड्यानं धरलं का काय?

मिरजकर (शुक्रवार, सकाळी ९.३०)

असू दे. सुट्टीवर पाठवलंय मीच. तोवर अवांतर : घाट उतरून आल्यावर तुम्ही सातारकर मंडळी खाता काय? मी एकदा आलो होतो, शर्यत झाल्यावर अर्धा किलो कंदी पेढे उभ्या उभ्या संपवले. मिरजेला येईपर्यंत पश्चात्ताप नाही.

गच्चीवरची राणी (शुक्रवार, दुपारी २.१०)

पेढे काय, खवा आणि साखर. पळणाऱ्याला साखर लागतेच. शास्त्रीय आहे ते.

घाटवेडा (शनिवार, पहाटे ५.१२)

गावभाग, तुमच्या प्रश्नाला तीन दिवस उत्तर देता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पुसलं.

एकटा नव्हतो. भाऊ होते. नात्याने कुणी नाहीत, मंगळवार तळ्याजवळ राहतात, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. मला पळायला त्यांनीच लावलं. रोज ५.०५ला कोपऱ्यावर उभे असायचे, मी दिसलो की खोकायचे. गुड मॉर्निंग वगैरे नाही, फक्त खोकायचे आणि निघायचे. घाटात तिसऱ्या वळणापर्यंत एक शब्द नाही, आणि मग वरपर्यंत राजकारण. चढावर बोलायला त्यांना दम कुठून यायचा देव जाणे.

मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याचा एमआरआय झाला. पळणं बंद, कायमचं. मी भेटायला गेलो, पंधरा मिनिटं बसलो, चहा घेतला. काय बोलावं कळेना. 'बरं होईल' म्हणालो. ते म्हणाले, "तू पळ, तुझी शर्यत आहे." त्यानंतर गेलोच नाही. घाटाकडे जायला त्यांच्या गल्लीवरूनच जावं लागतं. पाच वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. म्हणजे उठतात अजून. तिथून पळत जाताना मला चोरासारखं वाटतं. दोनदा बुटांचा आवाज होऊ नये म्हणून चालत गेलो.

मिरजकर, ठोके ६० आहेत हे खरं आहे. पण मोजा हातात धरून बसतो ते त्या दिव्यामुळे. हे लिहीपर्यंत मलाही नीट कळलं नव्हतं.

कृष्णाकाठची (शनिवार, सकाळी ६.३०)

आजच जा त्यांच्याकडे. बूट न घालता.

निवृत्त हवालदार (शनिवार, सकाळी ७.१५)

पहिला सल्ला मीच दिला होता, म्हणून लिहितो. शिट्टी वाजली की बाहेर, हे बरोबरच. पण बाहेर आल्यावर डाव्या-उजव्या हाताला माणूस असायचा, हे सांगायचं राहिलं. सियालकोटच्या बाजूचा एक जण होता माझ्या उजव्या हाताला, म्हणजे फाळणीआधी त्यांचं घर तिकडे होतं. तो बदलून गेला तेव्हा मीही पंधरा दिवस सगळ्यांच्या शेवटी पळायचो. सुभेदारांनी शिव्या घातल्या.

भाऊंना घेऊन जावा घाटात. पळायला नव्हे. गाडीवर.

मिरजकर (शनिवार, सकाळी ८.००)

हवालदार काकांना सलाम. (घाटवेडा, तरीही आठवड्याला दोनच घाट. दिवा वेगळा, मांड्या वेगळ्या.)

तालमीतला गडी (शनिवार, सकाळी ८.२०)

आमच्या तालमीत गुडघा गेलेलं वस्ताद खुर्ची टाकून बसत्यात. उठत न्हाईत, पर त्येंच्यासमोर कुणाची टंगळमंगळ करायची हिंमत नाय.

घाटवेडा (मंगळवार, रात्री ९.५०, दहा दिवसांनी)

अहवाल देतो.

रक्ताचे रिपोर्ट आले. फेरिटिन ठीक, बी-१२ बरंच कमी. आम्ही शाकाहारी, डॉक्टर म्हणाले नवल नाही. इंजेक्शनं चालू केलीत. कृष्णाकाठची, आभार.

भाऊंकडे गेलो त्याच शनिवारी, संध्याकाळी. दार उघडलं आणि म्हणाले, "पावणेदोन महिने झाले." बस एवढंच. मग आत बोलावलं. वहिनींनी सांगितलं, अजून सव्वाचारचा गजर लावतात, उठतात, चहा करतात आणि खिडकीत बसतात. मी चालत गेलो होतो ते दोन्ही दिवस त्यांनी बघितलं होतं. "पाय दुखतोय का, म्हणून काळजीत होतो," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज पहिल्यांदा त्यांना घेऊन घाटात गेलो. ते स्कूटरवर, रेनकोटात, दोन पायांच्या मध्ये पाण्याची कळशी. बाटली आणा म्हटलं होतं. कळशीच आणली, वर तांब्या. तिसऱ्या वळणापर्यंत गप्प. मग राजकारण सुरू. मी धापा टाकतोय, हे स्कूटर माझ्याच वेगाने चालवत शेजारी बोलतायत, मागे कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग, हॉर्न. एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "काका, ढकलायचंय का?" मला म्हणाला की स्कूटरला, कळलं नाही.

वेग काय आला माहीत नाही. घड्याळ घरी चार्जिंगला होतं, मुद्दाम.

२.१०चं मात्र यंदा कठीण दिसतंय. भाऊ म्हणतात २.१५ धर. त्यावरून उतरताना वाद झाला.

गावभाग (मंगळवार, रात्री १०.३०)

कळशी!

गच्चीवरची राणी (मंगळवार, रात्री १०.३५)

आता एक विनंती. रविवारी तुम्ही दोघं जाताय तर मीही येऊ का? मागे स्कूटर असेल तर घरचे नाही म्हणणार नाहीत. डबे रविवारी नसतात.

घाटवेडा (मंगळवार, रात्री १०.४०)

ताई, नक्की या. ५.०५, मंगळवार तळ्याचा कोपरा. कुणी खोकलं तर घाबरू नका.

तालमीतला गडी (मंगळवार, रात्री १०.५८)

अकरा दिवस झालं, अकरा बिस्किटं गेली. तांबडं आता ग्राउंडपर्यंत येतंय, पर बाकीची तीन बी घेऊन येतंय. हवालदार काका, पुढं काय करायचं?

सज्जनगडचा वारा (मंगळवार, रात्री ११.०४)

हिल हाफला नाव नोंदवा त्यांचं. आणि या पावसात बूट कसे वाळवता ते सांगा कुणीतरी. विकत घेतलेत मी आज. फ्रिजच्या मागे ठेवले तर बायको बाहेर ठेवते, बाहेर ठेवले तर भिजतात.

कृष्णाकाठची (मंगळवार, रात्री ११.१५)

तुम्ही?! बूट?! आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. रविवारच्या पुरवण्या जाड असतात, त्या ठेवत जा.